तांबड्याचं आवतण

चौदा वर्षांची नोकरी मी सोडली, कारण माझ्या मानेचा मणका सरकला. आमची संस्था प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करते. माझं काम ऊसतोडीच्या हंगामात गाडीबैलांचे खांदे तपासायचं, औषधांची जड पिशवी डाव्या खांद्याला लावून दिवसभर स्कूटीवर. डॉक्टरांनी पिशवी आणि स्कूटी दोन्ही बंद केल्या. संस्थेनं पुण्याच्या कार्यालयात बसून करायचं काम देऊ केलं होतं. ते उपकार मी विसरणार नाही. मी जळकोटच्या एका मेंढपाळाची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, मला त्यांनीच पहिली खुर्ची दिली होती. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून पुणं कसं जमणार?

सगळ्यांना सांगून झालं. राहिले फक्त मामा.

मामा म्हणजे वाशी तालुक्यातले एक म्हातारे गाडीवान. दर हंगामाला मामींना आणि बैलजोडीला घेऊन ढोकीच्या साखर कारखान्यावर यायचे. आमची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळं. बैलाला टोचायच्या पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी रस्त्यावर गाड्या अडवून पक्कडीनं डबाभर आरा उपटल्या आणि मोठ्या अभिमानानं साहेबांना दाखवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पराणीला सायकलच्या तारेची नवी आर होती, आधीपेक्षा बारीक आणि धारदार. बैलांच्या पुठ्ठ्यांवर रक्ताचे ठिपके. गाडीवान हसत होते.

"म्याडम, ह्या बी घेऊन जावा. सायकली लई हायत आमच्याकडं!"

एकटे मामा हसले नाहीत. "पोरी, खांदा दुखतोय म्हणून त्यो थांबतोय, अन् थांबतोय म्हणून ही टोचत्यात. आधी खांदा बघ."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' वर्षातून एकदाच. मामा म्हणाले, हंगामात हे दर आठवड्याला करायला लाव. मी आरांचा नाद सोडला आणि तुपाची वाटी घेऊन तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, फिरू लागले. बैलाच्या खांद्यावर स्वतःचा हात फिरवताना सूज त्यांची त्यांनाच लागायची. मग मला फारसं बोलावं लागत नसे. माझ्या पदवीच्या पुस्तकांत हे कुठं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मामांच्या जोडीतल्या तांबड्या बैलाच्या खांद्याला गाठ आली. आता याला जुवाला लावू नका, हे मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "त्याला बाजार दाखवणार न्हाय मी. तुमच्या निवाऱ्यात न्या. पण खांदेमळणीला तूच हात लावायचा. अन् फोन धरायचा त्याच्या कानाला. आवतण म्याच देणार."

मी कबूल केलं. त्यानंतरचे तीन पोळे धाराशिवच्या आमच्या जनावरांच्या निवाऱ्यात तुपकट हातानं फोन धरून उभी राहिले. तिकडून मामा ओरडून आवतण द्यायचे. तांबडा कान हलवायचा. मग मामा विचारायचे, "हलवला का कान?" मी हो म्हटलं की त्यांचा पोळा सुरू.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी सांगायलाच ढोकीला गेले. मामींनी माझी वाकडी मान पाहिली. "आगं बया, तुझ्या मानंवर कुणी जू ठिवलं?" असं म्हणत त्यांनी मला पाठमोरी बसवलं आणि कोमट तेलानं खांदा मळायला घेतला. मामा उसाचे वाढे बांधता बांधता म्हणाले, "बघ गं, गाठ लागतीय का. लागली तर हिला बी तांबड्याशेजारी बांधू."

आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात सांगायचं राहून गेलं. खरं तर राहिलं नाही, मी ठेवलं.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी धाराशिवच्या घरी आईला भरवत होते. फोन वाजला.

"पोरी, धर तांबड्याच्या कानाला."

मी फोन कानापासून लांब, हवेतच धरला. मामांनी सगळं आवतण दिलं. माझ्या स्वयंपाकघरात ते घुमलं.

"हलवला का कान?"

"व्हय, मामा."

शेजारच्या घरात मालिका चालू होती. मामांना ती ऐकू गेली. "निवाऱ्यात टीव्ही बशिवला का गं?"

मग मी सांगितलं. मान, आई, पुणं, शिमग्यानंतर सुटलेली नोकरी.

"म्हंजी त्याला आवतण पोचलंच न्हाय," मामा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अर्ध्या तासानं पुन्हा लावा, मामा. मी जाते."

शेजारणीला आईजवळ बसवलं, घरातलं तूप-हळद वाटीत घेतलं आणि रिक्षा केली. निवाऱ्याच्या फाटकावर नवा राखणदार होता. त्यानं वही पुढं केली. तिचे रकाने मीच कधीकाळी आखून दिले होते: नाव, गाव, येण्याचं कारण. चौदा वर्षांत त्यात माझं नाव लिहायची वेळ आली नव्हती.

"कारण लिवा, ताई."

मी 'आवतण' लिहिलं. त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि फाटक उघडलं.

तांबड्यानं माझा हात हुंगला. त्याची गाठ वाढली होती. मी तिच्या कडेकडेनं तूप-हळद लावली. फोन वाजला, तो त्याच्या कानाला धरला. मामांनी आवतण दिलं, या वेळी हळू आवाजात. तांबड्यानं कान हलवला, दोनदा.

मी फोन माझ्या कानाला लावला आणि मामा विचारतील म्हणून थांबले. पण माझ्या मघाच्या खोट्या 'व्हय'नंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फोन ठेवून दिला होता.