पाया पडले नव्हते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, तेही अडखळतच.

कॉलेज अर्धवट सोडून मी गोकर्णला गेले होते. समुद्राकाठी झोपड्या बांधून राहणारे आम्ही दहा-बारा जण. केसांच्या जटा केल्या, नाव बदललं, घरचे फोन घेणं सोडलं. आम्हाला ना घर ना गाव, असं आम्ही म्हणायचो — किती अभिमानानं म्हणायचो!

एका दुपारी तिथे बाबा आले. आर्णीहून, दोन दिवसांचा प्रवास करून. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, इस्त्रीची पँट वाळूत घोट्यापर्यंत दुमडलेली. हे कोण, असं एकानं मला विचारलं. आणि मी — मी म्हणाले, आमच्या गावचे आहेत, ओळखीचे.

बाबांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मग त्यालाच म्हणाले, "हां, पड़ोसी हूँ."

मग शेंगा मिठात उकडून सगळ्यांना खाऊ घातल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

वर्षभरानं आमचा गट फुटला, मी घरी आले. आई दोन दिवस बोललीच नाही. ताट वाढायची, आत जायची. तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसली, जटा सोडवू लागली.

"लय राग होता माया तुयावर," ती म्हणाली. "पण तू तिथं साऱ्यायसमोर बाबाच्या पाया पडली, हे माये बाबा हायेत म्हणली. त्यायनं सांगतलं, तवा कुठं जीव थंड झाला."

बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी तरी काय केलं? पुढची जट आईच्या हातात दिली.

आणि मग काय दिवस गेला तो! एक जट कंगव्यासकट अडकली, आई हसून हसून लोळायची बाकी राहिली. शेजारच्या काकू कैची घेऊन आल्या. रात्री आईनं मला वांग्याची भाजी-भाकर स्वतःच्या हातानं भरवली. इतकी सुखी मी कधीच नव्हते — हे मात्र अगदी खरं.

त्याला चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात माझ्या साखरपुड्यात आईनं ती गोष्ट माझ्या सासूबाईंना सांगितली. आता त्यात मी रडतेसुद्धा. सगळे कौतुकानं बघत होते, बाबा हसत होते. मीही मान डोलावली.

बाबांच्या पाया मी पडले नव्हते. त्यांना ओळखही दिली नव्हती. आणि या चार वर्षांत आम्ही दोघंच घरी असलो, असं कितीदा तरी झालं — मी तो विषय एकदाही काढला नाही.