साडभाऊंचा स्केट पार्क

देवानं माणसाला पळायला पाय दिले आणि मग घाबरून आमच्या साडभाऊंना जन्माला घातलं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान अकोल्याला एका सरकारी खात्यात इंजिनिअर. खात्याचं नाव सांगत नाही. उगाच नोटीस यायची. उभ्या नोकरीत त्यांनी मन लावून एकच वस्तू बांधली : स्पीडब्रेकर. वेग त्यांना सोसतच नाही. उतार आला की स्कूटर बंद करून हातानं ढकलत नेतात. वरातीत नवरदेवाची घोडी जरा उधळली तर घोडीवाल्याला बाजूला घेऊन समज देतात. "मी वरणाले फोडणी देऊन राहिली तरी मागून म्हणतात, हळू," असं मेहुणी सांगते. मी अमरावतीहून गेलो की मला मागे बसवून पातूर रोडला नेणार आणि लोक पाहुण्याला सोयऱ्यांची घरं दाखवतात तसे स्पीडब्रेकर दाखवणार. "हा आपला. तो पुढचाबी आपलाच." घरी येईस्तोवर माझी कंबर कामातून गेलेली असते.

पण या माणसाला एक दुःख होतं. "भाऊ, रस्ता झाला का नारळ फुटते, हारतुरे होतात. स्पीडब्रेकरवर कोनी नारळ फोडला काय? आजवर नुसत्या शिव्या खाल्ल्या. रिटायर व्हायच्या आंदी एक तरी काम असं व्हावं, का लोक म्हनतील, कोन्या भल्या माणसानं केलं."

तेवढ्यात नदीकाठचा स्केट पार्क, म्हणजे पोरांनी चाकांच्या बुटांवर उतारांवरून घसरायची जागा, निघाला. नदीत जलकुंभी माजलेली, नळाला पाणी कधी येईल ते देव जाणे, पण कोणी बडे लोक परदेशी अभ्यासदौऱ्याला जाऊन आले होते आणि अभ्यास कुठेतरी उतरवणं भाग होतं. सिमेंट आहे, चढउतार आहे, म्हणजे तुमचंच काम, असं म्हणून साहेबांनी डिझाइन साडभाऊंच्या गळ्यात मारलं. आपल्याकडे तज्ज्ञ असाच निवडतात.

साडभाऊंनी रोडग्यांची कणीक परातीत घेऊन पार्कचा नमुना केला आणि त्याच्या उतारांवरून लिंबू सोडून पाहू लागले. लिंबू जोरात घरंगळलं की यांच्या छातीत धडधड. मग तळाशी कणकेचा एक उंचवटा थापायचा. असं करत प्रत्येक उताराच्या पायथ्याशी एकेक स्पीडब्रेकर उभा राहिला. "काहून हो, खेळायच्या जागीबी?" मी विचारलं. "पोट्टे पडतीन ना बावा." नकाशा कागदावर उतरल्यावर मेहुणीनं तो नमुना गोवऱ्यांच्या आरात भाजला, पूर्वेकडचा भाग मी वांग्याच्या भाजीशी खाल्ला. साहेबांनी कोनशिलेवर आपलं नाव कुठं येणार तेवढं पाहून सही केली.

उद्घाटनाची भाषणं संपली, पुढारी गेले, आणि हेल्मेट घातलेली एक पोरगी स्केट्सवर उतारावरून भन्नाट निघाली. साडभाऊंनी डोळे मिटून माझा हात गच्च धरला. पोरगी स्पीडब्रेकरवर चढली, हवेत उडाली आणि पलीकडे अलगद टेकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तर सगळ्यांनाच तिथूनच उडायचं होतं, रांग लागली. ती पोरगी आमच्याजवळ येऊन थांबली, धापा टाकत हसली.

"काका, हे उंच उंच कोनं बनवलं?"

हा प्रश्न साडभाऊंना आजवर फक्त कंबर धरून उभ्या असलेल्या माणसांनी विचारलेला. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मले नाई माहीत, बाई."

"ज्यानं केलं त्यानं लय भारी केलं," म्हणत ती परत रांगेत पळाली.

मी म्हटलं, चला, तिला सांगून येऊ. त्यांनी मान हलवली. "आपून कायले सांगाव? कोनी इचारलं तर सांगू." आणि शर्ट नीट खोचून ते कठड्यापाशी, सगळ्यांना दिसतील असे, उभे राहिले. दिवेलागण होईपर्यंत उभे होते. पोरं उडत होती, हसत होती. पुन्हा कोणी विचारलं नाही.