भात्याचा दांडा आणि आत्याची छत्री

याकोबकाकांचा फोन आला तेव्हा मी तो मुद्दाम उचलला नाही. त्या आठवड्यात आमचं भांडण चालू होतं, आणि भांडणात जो आधी बोलतो तो हरतो, असं माझं मत आहे. फोन पुन्हा पुन्हा वाजत राहिला. शेवटी उचलला आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच सांगून टाकलं, की माझ्या नव्या पत्रकातला एकही शब्द मागे घेणार नाही. ते म्हणाले, "मंजू, बाई गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. चहा पिऊन कप धुवून ठेवल्ता." कप धुवून ठेवला होता म्हटल्यावर मला ते खरं वाटलं. उष्टा कप मागे ठेवून रूथआत्या कुठेच गेली नसती.

रूथआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म केदारखेड्याचा, आयुष्य जालन्याचं. शाळेत गणित शिकवलं आणि आमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी भिंतीएवढं कपाट डोळ्यांसमोर आणावं. त्यात बोटाएवढ्यापासून माणसाहून उंचापर्यंत नळ्या उभ्या, पुढे हार्मोनियमसारख्या पट्ट्या, पायाखालीही पट्ट्या, आणि मागे खोलीभर भाता. गोऱ्या साहेबांनी आणला, साहेब गेले, ऑर्गन राहिला. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं, नळ्यांत कबुतरांनी संसार मांडले, आणि कित्येक सूर कायमचे मुके झाले. आत्या मुके सूर वगळून वाजवायची. त्यामुळे आमच्या गाण्यांच्या चाली जगात कुठेच नाहीत अशा झाल्या. सूर मुका असेल तिथे आम्हीही श्वास घेऊन गप्प बसायचो. बाहेरगावच्या चर्चमध्ये गेलो की तिथली माणसं चुकीचं गातात, असं आम्हाला मनापासून वाटायचं.

खरी गंमत भात्याची होती. तो हलवायला मागे एक लांब दांडा होता, त्याला दोन मुठी. या दांड्याची पाळी कोणाची, हे आत्या ठरवायची आणि तिचा नियम एकच होता. त्या आठवड्यात जे दोघे भांडले, ते रविवारी दांड्यावर. टेंभुर्णीचे बांधावरून भांडणारे भाऊ तिथे उभे राहिले, सासू-सून उभ्या राहिल्या, एकदा तर पाळकसाहेब आणि त्यांची बायको. दोघांनी एका तालात दांडा मारला तरच वारा टिकायचा. एक जरी बोलायला लागला की ताल सुटायचा आणि ऑर्गन म्हैस रेकल्यासारखा आवाज काढून बसायचा. उपासना संपेपर्यंत घामाघूम झालेले दोघे एकाच तांब्यातून पाणी पीत बाहेर यायचे. भांडण मिटलेलं असायचंच असं नाही, पण दमलेलं नक्की असायचं.

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरी छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि हस्तपत्रकं जिवासाठी, असा वडिलांचा हिशेब. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. लहानपणी दुसरा लाडू मागतानाही 'मागणी मान्य न झाल्यास' असं म्हणायचे, असं आई सांगते. त्यामुळे चर्चच्या कमिटीने ऑर्गन दुरुस्त करून वाढवायचा ठराव केला, त्याच संध्याकाळी माझं पत्रक तयार होतं. मथळा होता 'साहेबाचं भूत किती दिवस पोसणार?' चर्चच्या दवाखान्याबाहेर पेशंटला बसायला बाक नाही आणि इथे नव्या नळ्या कशाला, हा मुद्दा पहिला. दांडा म्हणजे उघड वेठबिगार, हा दुसरा. सेक्रेटरी याकोबकाका म्हणजे नोकरशाहीचं जिवंत स्मारक, हा तिसरा. काका जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शाळेत आत्याचे विद्यार्थी.

मी फाटकात उभी राहून पत्रकं वाटली. आत्याने एक घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून बायबलमध्ये ठेवलं. म्हणाली, "छपाई बराबर झाली. बाकाचा मुद्दाबी बराबर आहे. आता आत चल, याकोब दांड्यापाशी वाट बघून राह्यलाय."

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मी काकांना मुद्दा क्रमांक दोन समजावून सांगायला लागले, आणि गाणं खाली बसलं. सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. आत्याने मात्र मान न वळवता सांगितलं, "मुद्दा मंग सांग. आधी वारा दे."

पुढच्या महिन्यात पुण्याहून ऑर्गनचे जाणकार मॅथ्यूसाहेब आले. त्यांनी सगळा ऑर्गन खोलून जमिनीवर मांडला. नवे खर्जाचे सूर घालायचे तर लाकडाच्या मोठ्या नळ्या लागतील, म्हणाले, आणि एवढा वारा दोन माणसांच्याने होणार नाही, विजेची मोटार बसवू. काका खूश झाले. वेठबिगार संपणार म्हणून मलाही खूश व्हायला हरकत नव्हती, पण काकांच्या बाजूने हात वर करणं जड जात होतं. आत्याला मोठे सूर हवे होते. त्यांच्यासाठीच तर ती वर्षानुवर्षं कमिटीच्या मागे लागली होती. पण दांडा जाऊ द्यायचा नव्हता, आणि दोन्ही मिळणार नाहीत असं मॅथ्यूसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या बैठकीत मी तिला पहिल्यांदा अस्वस्थ पाहिलं. ती म्हणाली, "मोटारीनं वारा मिळंल, याकोब. पण तोंडं फिरवलेली दोन माणसं एका दांड्याला कोण उभी करंल?" काका म्हणाले, बाई, दोघांचा दम पुरणार न्हाई. आत्या म्हणाली, "तर चौघांचा करा. जालन्यात भांडणं काय कमी पडून राह्यली का?"

शेवटी मोटारही बसली आणि चार मुठींचा दांडाही. आत्याने पहिल्याच दिवशी मोटारीच्या स्विचवर आपली काळी छत्री टांगली आणि जाहीर केलं की छत्री तिची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावलाही नाही.

सगळ्यात मोठी नळी जुन्या जालन्यात रफिकभाईंच्या सुतारखान्यात बनली. टेम्पोत मावेना, म्हणून पांढऱ्या चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतली. पुढे आत्या, हातात छत्री. गल्लीतल्या रिक्षा थांबल्या, कापडवाल्यांनी हात जोडले, पानवाल्याने टोपी काढून हळूच विचारलं, कोण गेलं? आत्या म्हणाली, "अजून कोणी न्हाई. लाकडाची नळी आहे." चर्चमध्ये उभी केली तर ती छताला लागली. मॅथ्यूसाहेबांनी माप देताना खालचा पाया धरलाच नव्हता. ते म्हणाले सुतार चुकला, रफिकभाई म्हणाले, "साब, आपने जो लिखा वोच बनाया." अखेर नळी वरून कापून कोपरासारखी वाकवावी लागली. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, वय झाल्यावर सगळेच वाकतात. मॅथ्यूसाहेब आणि रफिकभाईंनी मात्र एकमेकांशी बोलणं सोडलं.

वाढवलेल्या ऑर्गनच्या पहिल्या रविवारी सगळे मुके सूर परत आले होते. आत्याने चाल प्रथमच पूर्ण वाजवली, आणि आम्ही सवयीने जुन्या जागी गप्प बसलो. ऑर्गन एकटाच पुढे गेला. आम्ही थांबलो तिथे तो वाजला, तो थांबला तिथे आम्ही गायलो. दुसऱ्या कडव्यापासून आत्याने मुकाट्याने ते सूर पुन्हा वगळले. मॅथ्यूसाहेबांनी कपाळाला हात लावला.

आत्याला नेलं त्या दिवशी पेटी त्याच गल्लीतून गेली. पांढरी चादर, चार खांदे. पानवाला हसत बाहेर आला, आज कोणती नळी, असं विचारत. पुढे चालणारी आत्या त्याला दिसेना. तो पेटीकडे बघत राहिला... मग आत जाऊन त्याने दुकानाचं शटर ओढलं.

चर्चमध्ये शाळेतली नवी संगीतशिक्षिका पट्ट्यांवर बसली. याकोबकाका हळू आवाजात म्हणाले, आज तरी मोटार लावू, बाईंच्या शेवटच्या गाण्यात वारा तुटायला नको. मी म्हणाले, छत्रीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, तूच लिहिलं होतंस ना वेठबिगार? मी म्हणाले, स्वेच्छेने केलेले श्रम वेठ नसतात, याच्यावर स्वतंत्र पत्रक काढते. आवाज वाढला. पहिल्या बाकावरून कुणीतरी खाकरलं, आणि दोघांच्याही लक्षात आलं की आपली पाळी लागली आहे.

आम्ही मागे गेलो. मुठी चार, माणसं दोन. काही न बोलता रफिकभाई उठून आले आणि तिसऱ्या मुठीला लागले. थोड्या वेळाने पुण्याहून आलेले मॅथ्यूसाहेब कोट काढून चौथीला. ऑर्गनच्या मागे आम्ही चौघं, कुणीही कुणाशी न बोलणारं. गाणं सुरू झालं. वाकवलेली नळी पहिल्यांदा पूर्ण दमाने वाजली, आणि पायाखालची फरशी थरथरली. जुन्या मुक्या जागी सगळं चर्च गप्प झालं तेव्हा नव्या बाईही गोंधळून थांबल्या, आणि तेवढ्या शांततेत फक्त आमच्या चौघांचे श्वास ऐकू आले.

छत्री अजून स्विचवर आहे. परवा काका म्हणाले की धूळ झटकायला म्हणून तरी काढू. मी म्हणाले, धूळसुद्धा तिचीच आहे. बोलाचाली झाली. येत्या रविवारी पुन्हा आम्ही दोघं दांड्यावर आहोत. उरलेल्या दोन मुठींसाठी माणसं मिळतील. जालना आहे.