तळ्यावर घातलेल्या पापड्या

मी झाडापाण्याचे फोटो काढते, ते पारदर्शक फिल्मवर छापते आणि पाच-सहा फिल्म एकमेकींवर ठेवून त्यांचं एक चित्र करते. सालीवर पान, पानावर पाणी, पाण्यावर ढग. घरात याला ‘तुझं ते प्लास्टिक’ म्हणतात. गेल्या जुलैत इथे लंडनच्या हॅरोतल्या एका छोट्या गॅलरीने माझं एक तळ्याचं चित्र प्रदर्शनात घ्यायचं कबूल केलं. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा! शुक्रवारी सकाळी ते द्यायचं होतं.

गुरुवारी कडक ऊन पडलं. मी ऑफिसातून आले, तर मागच्या गार्डनमध्ये चादर अंथरलेली, तिच्यावर माझ्या तळ्याच्या फिल्म आणि फिल्मवर रांगेने साबुदाण्याच्या पापड्या. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई काठी घेऊन कबुतरं हाकत बसल्या होत्या.

“बरं झालं आलीस. म्हटलं, एवढं ऊन वाया कशाला घालवायचं? तुझं जुनं प्लास्टिक सापडलं. फिकट डाग होते, पण ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतलं हं!”

पुसून! माझं डोकंच फिरलं. “अहो आई, ते डाग नव्हते, माझं तळं होतं! उद्या द्यायचंय मला ते!” इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून ‘ऑल राइट?’ विचारलं. सासूबाई काठी तिथेच टाकून वर गेल्या. चहालाही आल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि रागही जात नव्हता.

पुन्हा छापावं तर कोरी फिल्म संपलेली. निदान पापड्या तरी सोडवू म्हणून एक फिल्म उचलली आणि उन्हाकडे धरली. अगं बाई! काचेसारखे दाणे, त्यांत जिऱ्याचे काळे ठिपके, खाली पाण्याच्या उरल्यासुरल्या लाटा. बेडकाची अंडी! मार्चमध्ये इथल्या तळ्यांत अगदी अशीच तरंगत असतात.

मी जिन्याखालून हाक मारली. “अहो आई, खाली या ना. शिजवलेला साबुदाणा उरलाय का?”

“टोमणा मारत असशील तर नको.”

“नाही हो! कोपऱ्यात चार पापड्या कमी पडताहेत.”

त्या आल्या, फिल्म उन्हाकडे धरून पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली आणि मग काही विचारू नका. “ही फार जाड. हिचं जिरं एकीकडे गेलंय.” मला पळीला हात लावू देईनात. मी फिल्मखाली दिवा लावून फोटो काढत गेले आणि त्यातला एक साध्या फोटोपेपरवर छापून सकाळी नेऊन दिला.

प्रदर्शनात सासूबाई त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली दोघींची नावं होती, आधी त्यांचं. एकेका अक्षरावर बोट फिरवत म्हणाल्या, “लग्नपत्रिका आणि पासपोर्ट सोडला, तर माझं नाव कुठे छापून आलं नाही गं.” मग त्यांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली.

“पण आडनाव एकच. लोकांना बहिणी वाटतील की!”

“वाटू देत,” मी म्हणाले.

“मग धाकटी मी,” असं म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला.