जोगेश्वरीच्या टेकडीवरची पेणची माणसं

जोगेश्वरीला सगळे लेणी बघायला जातात. मी गेले कबरी बघायला! पन्नासच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला आमच्या शेजारी रिबकामावशी राहायची. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. तिची सारा माझी मैत्रीण. इस्रायलच्या बोटीची तिकिटं आली, ट्रंका भरल्या आणि मावशी अडून बसली, "तुम्ही जा. ह्यांना एकटं टाकून मी येणार नाही." 'हे' म्हणजे तिचे यजमान, टेकडीवर पुरलेले.

"चल गं तू. तुझं तरी ऐकेल ती," सारा म्हणाली.

साकीनाक्यावरून अंधेरीपर्यंत बस, तिकीट थोड्याच आण्यांचं, पण रस्ता असा की हाडं खिळखिळी झाली. पुढे टांगा आणि शेवटी चढण. जाणार असाल तर पाणी न्याच, वर सावली नाही. आईने पितळी डब्यात थालीपीठं दिली होती, ती आम्ही वाटेतच फस्त केली.

चढताना मावशी सांगत होती. त्यांची माणसं पेण-अलिबागकडची, तेलाचे घाणे चालवणारी. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पोटासाठी इकडे आली, सुतार-गवंडी झाली. मयत गावी नेणं जमेना, मग वर्गणी काढून हा माळ घेतला. वर पोचलो तर कबरींच्या दगडांवर आधी हिब्रू, खाली मराठी, आणि प्रत्येक नावापुढे गाव. मेला तरी पेणचा तो पेणचाच! मला हसू आलं आणि लगेच गलबलूनही आलं.

मावशी कबरीपाशी बसली ती उठेचना. सारा वैतागली, "अगं आई, बाबांनीच तर यरुशलेमचा ध्यास घेतला होता ना?"

"म्हणून तर! त्यांच्या उशाशी घालायला तिथली चिमूटभर माती मिळाली नाही गं आपल्याला."

त्यांच्यात तशी रीत आहे.

बऱ्याच वेळाने मावशीने पदराने डोळे पुसले. "डबा दे गं तुझा," मला म्हणाली. कबरीवरची माती तिने ओंजळीने त्यात भरली. "तिकडे मला पुराल तेव्हा ती माती काय, आयतीच मिळेल. उशाशी ही घाला. येते मी."

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "डबा कुठाय?" तो तिच्या माहेरचा. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाकण सैल आहे गं त्याचं. फडक्यात घट्ट बांधायला सांग तिला."