साळावपुढचा चढ

‘साळावचा पूल ओलांडला की काशीदपर्यंत रस्ता सपाट. समुद्र उजव्या हाताला. निवांत चालवावी.’

ही तीन वाक्यं माझ्या अक्षरात आहेत. आमच्या गटातल्या ज्या कुणी डोंबिवलीहून मुरूडपर्यंत सायकल नेली, त्या प्रत्येकाने ती वाचली आहेत. समुद्र उजव्या हाताला आहे, हे खरं. पहिलं वाक्य खोटं आहे आणि ते मी तेरा वर्षं तसंच राहू दिलं.

आमच्या गटात एक रिवाज आहे. नवा रस्ता जो पहिल्यांदा पुरा करेल, त्याने त्या रस्त्याचा कागद लिहायचा. कुठे वळायचं, पाणी कुठे मिळतं, कुत्री कुठे अंगावर येतात, चढ कुठे लागतो. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला अडकवायचा. आता सगळ्यांच्या फोनवर नकाशे असतात, पण भर उन्हात फोनवर काही दिसत नाही आणि कागद दिसतो, म्हणून रिवाज टिकला. त्याचा नियम एकच आहे: आपल्या चाकाखालून गेलेलाच रस्ता लिहायचा.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. न तपासलेल्या नमुन्याच्या अहवालावर मी कधी सही केली नाही. साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले तरी नाही. आणि निवृत्तीनंतर, कुणाचाही दबाव नसताना, न पाहिलेल्या रस्त्यावर सही केली.

तेव्हा गट अलिबागपर्यंतच जात असे. त्यापुढे किनाऱ्याने मुरूडपर्यंत एका दिवसात जायचं मी आणि वर्तकनगरचा माझा मित्र, अशा दोघांनी ठरवलं. तो शाळेत गणित शिकवायचा. माझ्यापेक्षा हळू चालवायचा, पण थांबायचा नाही. पहाटे निघालो. पनवेल, पेण, अलिबाग उत्तम झालं. रेवदंड्याला त्याच्या सायकलची चेन तुटली. “तू हो पुढे, मी येतोच,” तो म्हणाला. मी झालो पुढे. खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला आणि दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की सायकलवरून उतरलो तो रस्त्याच्या कडेला आडवाच झालो.

मागून मासळीचे रिकामे क्रेट घेऊन जाणारा टेंपो आला. चालकाने विचारलं, “काका, मुरूड का? टाका गाडी मागे.”

मी टाकली. क्रेटना टेकून बसलो आणि ताडपत्रीखालच्या त्या वासात मला चक्क झोप लागली. जाग आली ती नांदगावात. मुरूड जवळच आहे असं कळल्यावर उतरलो आणि उरलेलं अंतर सायकल चालवत गेलो.

मित्र दोन तासांनी पोहोचला. घामाने त्याच्या शर्टावर मिठाचे पट्टे उमटले होते. पण चेहरा असा उजळला होता, की मी सांगायचं ठरवलेलं मागे ढकललं. तो म्हणाला, “अरे, तो चढ कसा काय केलास तू? मी एकदाही उतरलो नाही, पण जीव गेला.”

“कोणता चढ?” मी विचारलं.

हा प्रश्न मी अगदी प्रामाणिकपणे विचारला होता. मला खरोखरच माहीत नव्हतं. तो हसत सुटला. परत आल्यावर त्यानेच कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, की मी मेलो आणि हा विचारतो, कोणता चढ! त्या एका संध्याकाळी मी गटात मोठा माणूस झालो. कागद लिहायला मला बसवलं. चढ नक्की कुठे, किती, हे मित्राला विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून मी ‘सपाट’ लिहिलं.

पुढे लोक त्या रस्त्याने जाऊ लागले. चढ त्यांनाही लागला. पण कागद चुकीचा आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही! काकांना तो चढ जाणवलाच नाही, असा अर्थ त्यांनी काढला. गटाच्या टी-शर्टावर पाठीमागे ‘कोणता चढ?’ असं छापून घेतलं. पहिला टी-शर्ट मला दिला. मी तो घातला.

आणि मित्राची मात्र चेष्टा सुरू झाली. “सर, तुम्हाला कोपरचा उड्डाणपूलपण घाटच वाटत असेल!” “सर आले का? मग रस्ता आधी इस्त्री करून घ्या रे!” तोही हसायचा. मग हळूहळू किनाऱ्याच्या फेऱ्यांना येईनासा झाला. गुडघ्याचं कारण सांगायचा. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण तो पहाटे एकटाच घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन येतो, असं त्याची बायको माझ्या बायकोला फोनवर सांगायची.

यंदा हिवाळ्यात गटाने नवशिक्यांना दोन दिवसांत मुरूडला न्यायचं ठरवलं. त्यात पन्नाशीच्या एक बाई होत्या, नुकतीच सायकल शिकलेल्या. त्यांनी मला गाठून विचारलं, “काका, साळावपुढे सपाट आहे ना नक्की? माझी सायकल बिनगियरची आहे. तुमच्या कागदावर विसंबूनच नाव दिलंय हो.”

“मी सांगतो तुम्हाला,” एवढंच मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तकनगर गाठलं.

मित्र गॅलरीत चाकाच्या तारा आवळत बसला होता. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, टेंपो, क्रेट, झोप, सगळं. त्याच्या हातातलं चाक फिरत होतं, ते त्याने हाताने थांबवलं.

“म्हणजे मी पहिला,” तो म्हणाला.

“हो. तूच पहिला.”

“मला वाटलेलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तेरा वर्षं वाटतंय.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. “आत्ता नको. आधी चढ बघ. न बघता माफी मागशील, तर तीही सपाटच असेल.”

आतून वहिनी म्हणाल्या, “दोघांची वयं मिळून दीडशेला टेकली. आता कुठे चालला चढ बघायला?”

“याला झोप नीट लागत नाहीये,” मित्र म्हणाला. “टेंपोत लागते, पण रोज टेंपो कुठून आणायचा?”

पुढच्या आठवड्यात निघालो. या खेपेला रेवदंड्यात मुक्काम केला आणि सकाळी ताज्या पायांनी साळावचा पूल ओलांडला. कोर्लई गेलं, बोर्ली गेलं. आंब्यांना मोहोर होता. झाडांमधून समुद्र दिसायचा आणि लपायचा. मग रस्ता समुद्राला सोडून डोंगराकडे वळला आणि उभा राहिला.

पहिल्या वळणालाच मी सगळ्यात हलक्या गियरवर आलो. पुढचं चाक डगमगू लागलं. छाती भात्यासारखी चालली होती. मित्र वीस-पंचवीस हात पुढे होता आणि मागे न बघता ओरडत होता, “हे वळण लिहून घे! इथे तू घोरत होतास!”

“बोलू... नकोस!”

“आता डावीकडे दरड आहे, ती बघ! क्रेटमधून दिसली नसेल!”

एस्टीची वाट बघत दोन कोळणी बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “आजोबा, उतरा नी ढकला! कोन नाय बघत!”

कुणी बघत नव्हतं, हे खरं होतं. मी उतरलो असतो तरी चाललं असतं. चढाची माहिती मला मिळालीच होती. पण मी दात आवळले आणि पुढच्या झाडापर्यंत, मग त्याच्या पुढच्या झाडापर्यंत, असं करत पायडल मारत राहिलो. तिसऱ्या वळणावर वारा लागला. आणखी एक उसळी, आणि रस्ता पायाखाली मऊ झाला. समोर झाडांच्या वर समुद्राची पूर्ण पट्टी पसरली होती.

मी वर आलो होतो. बहात्तराव्या वर्षी, एकदाही न उतरता. मी जोरात ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शब्द नव्हताच तो. मित्राने माझी सायकल धरली, नाहीतर मी तिच्यासकट पडलो असतो.

“आता माग माफी,” तो म्हणाला.

मी मागितली. त्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “कठीण आहे ना रे? मी सांगत होतो.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

त्या रविवारी फेरी सुटायच्या आधी, डोंबिवलीत नेहमीच्या मैदानावर, तीसेक जणांसमोर मी सगळं सांगितलं. कुणीतरी विनोद करू पाहिला, पण तो अर्धाच राहिला. मग मी नवा कागद वाचला. साळावनंतर किती वेळाने चढ लागतो, वळणं किती, कुठे दम घ्यायचा. मित्राने मध्येच मला थांबवलं, “पाण्याची जागा चुकली. ती दुसऱ्या वळणाला नाही, पहिल्याला. पुन्हा झोपलास काय?” आता मात्र सगळे हसले, आणि हसणं त्याच्या बाजूचं होतं. मी पहिलं वळण लिहिलं. खाली सही त्याने केली. माझी त्याने घेतली नाही. “तू दुसरा,” तो म्हणाला. मला ते आवडलं.

मुरूडच्या फेरीत त्याला सर्वांत पुढे ठेवलं. चढाच्या पायथ्याशी त्याने सगळ्यांना थांबवलं आणि वर्गात समजावावं तसं समजावलं: श्वास मोजा, पुढचं चाक बघू नका, झाड बघा. बिनगियरच्या बाई दुसऱ्या वळणाला उतरल्या. सर म्हणाले, “उतरणं म्हणजे हरणं नाही, फक्त मला खरं सांगा कुठे उतरलात ते.” त्या तिसऱ्या वळणापर्यंत सायकल ढकलत गेल्या आणि पुन्हा चढून बसल्या. वरच्या टोकाला सर एकेकाला मोजत उभे होते. मी सर्वांत शेवटी पोहोचलो, चाकांवरच. “एकतीस,” त्यांनी मोठ्याने मोजलं, आणि आम्ही सगळे एका ओळीत काशीदच्या उताराला लागलो.