अध्यक्षांच्या दोरावरची अंडी

त्या वसंतात माझा पासपोर्ट व्हिसाच्या कचेरीत पडून होता आणि पुण्यात बाबांच्या बायपासची तारीख ठरली होती. पासपोर्ट परत मागितला तर अर्ज रद्द. मग नवऱ्याकडे परत यायचं तर सगळं पहिल्यापासून. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या दोन खोल्यांत मी टपालासाठी दाराकडे कान लावून बसायचे. दाराच्या फटीतून पिझ्झाच्या जाहिराती मात्र नियमित येत.

शेजारचे म्हातारे गृहस्थ मासेमारी क्लबचे अध्यक्ष होते. मी मत्स्यशास्त्राची एम.एस्सी. आहे हे कळताच त्यांनी मला क्लबच्या तळ्याचं तापमान मोजायला सांगितलं आणि कोटाला लावायला 'मानद निरीक्षक' असा बिल्ला दिला. थर्मामीटर माझा मीच आणायचा होता.

तळ्यात पर्च जातीचे मासे होते. हिरवट, पट्टेरी. हिवाळाभर मादी पोटात अंडी धरून खोल पाण्यात थांबते. पाणी दहा-बारा अंशांवर काही दिवस टिकलं की काठाशी येते आणि बुडालेल्या फांद्यांवर अंड्यांची लांब, जाळीदार पट्टी गुंडाळते. मध्येच गारठा परतला तर पुन्हा थांबते. त्या फांद्या क्लब दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पाण्यात सोडत असे: होडीतून, टाय लावून, भाषणानंतर.

त्या वर्षी मार्च संपायच्या आत पाणी दहावर गेलं आणि उतरेना.

"फांद्या या आठवड्यातच टाका," मी म्हटलं.

"माय डिअर, समारंभाची तारीख ठरली आहे."

"माशांना कळवलंय का?"

"आमच्या पर्चनी आजवर समारंभाआधी अंडी घातलेली नाहीत," ते शांतपणे म्हणाले. मी वाद घातला नाही. तारखा ठरवणाऱ्यांशी भांडायची माझी ताकद त्या महिन्यात संपली होती.

ऑपरेशन मंगळवारी होतं. घरात बसवेना, म्हणून मोबाइल खिशात टाकून मी सकाळीच तळ्यावर गेले. पाणी साडेअकरा अंशांवर. अध्यक्षांची होडी काठाला बांधलेली होती आणि पाण्यात बुडालेल्या तिच्या दोराला अंड्यांची पांढरट पट्टी वेढून बसली होती. बिचाऱ्या मादीला तळ्यात दुसरं काही सापडलं नसावं.

अध्यक्ष आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे होडी सोडता येणार नाही?"

"पिल्लं बाहेर पडेपर्यंत नाही. दोन आठवडे तरी."

"आणि माझं भाषण?"

"काठावरून करा."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून भाऊ होता. "झालं. नीट झालं. रडू नकोस." मी रडत नव्हते, खाली बसले होते, एवढंच. अध्यक्षांनी आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि ते लांब जाऊन उभे राहिले.

बाबांचा आवाज चार दिवसांनी ऐकला. फार बारीक झाला होता.

"पासपोर्ट आला का गं?"

"नाही, बाबा."

"बरं झालं. आत नेताना मी रडलो. तू असतीस तर धीट राहावं लागलं असतं."

मी हसले, हसावं म्हणूनच ते तसं म्हणाले होते. पण त्यांना धीट राहावं लागायला हवं होतं, आणि ते बघायला मी तिथे असायला हवी होते.